भरल्या गिरणेच्या थडीवर मुलांना न्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जळगावच्या शाळेतली आठवी-नववीची तीस मुलं, येत्या रविवारी गिरणेच्या काठाने निसर्गफेरी ठरलेली, आणि चार दिवसांच्या झडीनंतर नदी दोन्ही थड्या भरून चाललेली. निम्मे पालक म्हणतात रद्द करा, निम्मे म्हणतात असा पूर मुलांना पुन्हा कधी दिसणार. मुख्याध्यापकांनी सोबत दोर ठेवायला सांगितलंय. तुम्हाला हवंय ते एवढंच: पाण्यापासून किती फूट लांब राहिलं म्हणजे पुरे, बघायला नेमकं काय मिळेल, आणि मुलांना गमबूट घालायला लावावेत का.

मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ मुलांना आणि मोठ्यांना तापी-गिरणेच्या काठाने, सातपुड्याच्या पायथ्याने फिरवत आलोय. माझं उत्तर असं: मुलांना पूर जरूर दाखवा. पण जायचं की नाही हे शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी असं दोनदा ठरवा, आणि गेलात तर पाण्याच्या कडेने चालू नका. फुटांचा आकडा मी लगेच देत नाही, कारण खरा प्रश्न फुटांचा नाही. पाणी चढतंय की उतरतंय, ते कुठून येतंय, आणि तुमच्या पायाखालची माती कशी आहे, यावर सगळं ठरतं. जिथे पाणी दोनशे फुटांवर आहे तिथेही मी कधीकधी मुलांना उतरू देत नाही, आणि एखाद्या पक्क्या घाटाच्या वरच्या पायरीवर वीस फुटांवर निवांत उभं करतो.

पाणी कुठून येतं ते आधी बघू. आपल्याकडे मुळात पाऊस बेताचा, जळगाव जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे डोक्यावरचं आभाळ बघून नदीचा अंदाज बांधायची सवय आपल्याला लागलेली असते आणि तीच घात करते. गिरणा उगम पावते नाशिक जिल्ह्यात, सह्याद्रीत. कळवण, मालेगाव करत ती गिरणा धरणात येते आणि तिथून पुढे आपल्याकडे. धरणाचे दरवाजे उघडले नाहीत म्हणजे नदी शांत राहील असं पुष्कळ लोक धरून चालतात. पण मन्याड आणि तितूर या नद्या धरणाच्या खाली गिरणेला मिळतात. त्यांचं पाणी अडवायला गिरणा धरण मध्ये नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ची सकाळ चाळीसगावकर विसरणार नाहीत. रात्रभर पाटणादेवी आणि कन्नड घाटाच्या डोंगरांवर पाऊस कोसळला, घाटात दरडी आल्या आणि तितूर आणि डोंगरी या नद्यांचं पाणी थेट चाळीसगाव शहरात शिरलं. असं पाणी चाळीसगावात थांबत नाही, ते खाली भडगाव, पाचोऱ्याकडून तुमच्याकडेच येतं.

एक साधा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. पुराचं पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने चाललं तर तासाला सात किलोमीटरच्या थोडं वर जातं. शंभर किलोमीटर वर पडलेला पाऊस तुमच्यापर्यंत यायला चौदा तास लागतील. म्हणजे रविवारी सकाळी नऊ वाजता तुमच्यासमोरून वाहणारं पाणी हे शनिवारी संध्याकाळी सातचं आहे. म्हणून शनिवारी रात्री जळगावात चांदणं पडलंय की नाही याला फार अर्थ नाही. चाळीसगाव, मालेगाव, नांदगावकडे संध्याकाळी काय झालं ते विचारा. तिकडे कुणी ना कुणी नातेवाईक असतोच, एक फोन करा. तापीवर तर हे आणखी ठळक दिसतं. हतनूर धरणात वरून मध्य प्रदेशातलं तापीचं पाणी येतं आणि विदर्भातून पूर्णेचं. भुसावळात कोरडं ऊन पडलेलं असताना हतनूरच्या एक्केचाळीस दरवाजांपैकी बरेच उघडलेले मी कितीदा पाहिलेत.

सातपुड्यातल्या नद्यांचं गणित वेगळंच आहे. सुकी, मोर, अनेर यांची वाट आखूड आणि उतार तीव्र. तिथे चौदा तास मिळत नाहीत, कधी चाळीस मिनिटंही मिळत नाहीत. कुणी तुम्हाला सुचवलं की गिरणा भरलीये तर मुलांना पाल किंवा मनुदेवीकडे न्या, तर या आठवड्यात नका नेऊ.

हे मी अनुभवाने सांगतोय. पंधराएक वर्षांपूर्वी यावल तालुक्यात सातपुड्यातल्या एका नाल्याच्या पलीकडे आम्ही बारा जण जेवायला बसलो होतो. पाणी घोट्याइतकं, तळाचे गोटे दिसत होते, वर ऊन. आमच्यातली एक मुलगी ताट धुवायला गेली आणि परत येऊन म्हणाली, काका, पाणी चहासारखं झालंय. मी उठून पाहिलं. पाणी वाढलं नव्हतं, फक्त गढुळलं होतं, आणि वरून सागाची सुकी पानं आणि बारीक काड्या यायला लागल्या होत्या. आवाजही बदलला होता. आधी खळखळ होती, आता खालून गडगड ऐकू येत होती, गोटे सरकायला लागल्याची. तेव्हाच उलट्या दिशेला, वर चढायला हवं होतं. मी मात्र डबे भरण्यात, चपला शोधण्यात सात-आठ मिनिटं घालवली. आम्ही चढलो तेव्हा जेवायची जागा पाण्याखाली गेलेली होती. अलीकडे यायला मार्ग नव्हता. वरच्या पाड्यावरच्या एका पावरा कुटुंबाने आम्हा बारा जणांना रात्रभर ठेवून घेतलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. त्या मुलीचं लक्ष नसतं तर काय झालं असतं हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. म्हणून आता माझ्या प्रत्येक फेरीत दोन मुलांचं काम एकच असतं: पाण्याचा रंग, त्यावरचा कचरा आणि आवाज यावर लक्ष ठेवणं. यातलं काहीही बदललं की हातातलं सगळं टाकून वर. पलीकडे सामान राहिलं तर राहू दे.

गिरणेसारख्या मोठ्या पात्रात चढउतार ओळखायची खूण वेगळी. पुलाच्या खांबाकडे बघा. पोहोचल्याबरोबर एका ठरावीक जागेवरून मोबाइलवर खांबाचा फोटो काढा, आणि दर दहा मिनिटांनी तिथूनच पुन्हा. डोळ्याला बोटभर फरक कळत नाही, फोटोत कळतो. थडीही सांगते. पाण्याच्या वरच्या बाजूला ओल्या, चकचकीत गाळाचा पट्टा दिसत असेल आणि गवत चिखलाने माखून एकाच दिशेला आडवं झालेलं असेल, तर पाणी तिथून खाली गेलंय. उलट हिरवं, स्वच्छ, उभं गवत थेट पाण्यात बुडालेलं दिसलं तर पाणी चढतंय. चढत असेल तर फेरी तिथेच संपली, मुलांना घेऊन गावाकडे वळा.

आणि उतरत असेल तर? इथेच जाणत्या माणसांचीही चूक होते. उतरतं पाणी म्हणजे धोका टळला असं वाटतं, पण आपल्या थड्या नेमक्या तेव्हाच ढासळतात. तापी-गिरणेचे काठ खडकाचे नाहीत, हजारो वर्षं साचलेल्या गाळाचे आहेत. कुठे दोन-तीन पुरुष उंच आणि भिंतीसारखे उभे. पूर असताना ही माती आतपर्यंत पाणी पिते, जड होते. पण बाहेरून नदीचं पाणी तिला दाबून धरतं, म्हणून उभी राहते. नदी उतरली की बाहेरचा टेकू जातो आणि आतलं पाणी तसंच राहतं. मग थडी सुटते.

चोपडा तालुक्यात तापीच्या काठावर एकदा आम्ही एका बाभळीखाली बसलो होतो. पूर ओसरून दुसरा दिवस. जाळं खांद्यावर टाकून एक म्हातारे भोईबाबा जात होते, ते थांबले आणि म्हणाले, ‘भाऊ, पानी उतरी राह्यनं, आते जपा.’ मग त्यांनी पायाने गवत बाजूला केलं. काठाला समांतर, आमच्या मागे चार हातांवर, करंगळी जाईल एवढी भेग होती. गवताने पूर्ण झाकलेली. त्यांनी बाजरीचं एक ताट उपटून त्या भेगेत सोडलं. ते सगळं आत गेलं, वर टोकही राहिलं नाही. आम्ही उठून शेताच्या बांधावर गेलो. तासाभराने ती बाभूळ, तिच्याखालची सगळी माती आणि आम्ही बसलो होतो ती जागा एका धपकन आवाजात पाण्यात गेली. धूळ उडाली नाही, ओली माती होती. फक्त पाणी काळपट झालं आणि बाभळीचा शेंडा दोनदा वर येऊन दिसेनासा झाला.

म्हणून तुम्ही विचारलेल्या फुटांबद्दल माझा नियम असा आहे: थडी जेवढी उंच, निदान तिच्या दुप्पट आत उभं राहायचं, आणि काठाला समांतर भेग दिसली तर त्या भेगेच्या पलीकडे, आणखी आत. पंधरा फूट उंच थडी असेल तर तीस फूट. मुलं रांगेने चालणार असतील तर नदीच्या बाजूला मोठी माणसं, शेताच्या बाजूला मुलं. दर सात-आठ मुलांमागे एक मोठा माणूस हवा. म्हणजे तुम्हाला चार जण लागतील, आणि त्यांतला एक तरी त्या गावचा.

पाण्यात पाय घालायचा प्रश्नच नाही, पण तो का नाही हे मुलांना नीट सांगा, नुसतं दटावू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. घोट्याच्या थोडं वर, वीतभर खोल पण वेगाचं पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं. फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. म्हणून फरशीवरून, म्हणजे नदी-नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी चाललेलं असेल तर तुमची बसही तिथून जाता कामा नये, ड्रायव्हर कितीही म्हणाला की मॅडम, रोजचा रस्ता आहे. फरशीचा मधला तुकडा वाहून गेला असेल तर गढूळ पाण्याखाली तो दिसत नाही. गिरणेत आणखी एक गोष्ट आहे, ती मला मनापासून खुपते. वर्षानुवर्षं वाळू उपसून पात्रात खड्डे पडलेत. उन्हाळ्यात ज्या जागी गावची मुलं क्रिकेट खेळतात तिथेच चार हात पुढे दोन पुरुष खोल डोह असतो, आणि पूर ओसरल्यावर वरून सगळं सारखंच गुडघाभर दिसतं. बंधाऱ्यांचंही तसंच. कांताई बंधाऱ्यासारख्या ठिकाणी सांडव्यावरून पडणारं पाणी सुंदर दिसतं, ते लांबून बघा. पण बंधाऱ्याच्या लगेच खाली ते वरून फेसाळ आणि आतून उलटं फिरत असतं, पोहणाऱ्याला परत परत भिंतीकडे ओढून नेतं.

दोराबद्दल. मुख्याध्यापकांची काळजी बरोबर आहे. दोर न्या, पण तो कमरेला बांधून कुणीही पाण्यात उतरायचं नाही. जोराच्या प्रवाहात बांधलेला दोर ताणला गेला की माणूस वर येत नाही, खाली दाबला जातो. आमच्याकडे पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन दोराच्या टोकाला बांधलेला असतो. तो फेकायचा, पडलेल्याने धरायचा, आणि आपण काठावरूनच, बसून, ओढायचं.

आता बघायला काय मिळेल, कारण एवढं सगळं ऐकून तुम्ही फेरीच रद्द कराल अशी भीती मला वाटते आणि तसं होऊ नये.

सुरुवात पुलाच्या तोंडाशी करा, मधोमध नको, वाहनं असतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर. बातम्यांत दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हणतात, तेव्हा तुमच्यासमोरून दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर जात असतात. उन्हाळ्यात एका टँकरमागे धावणारं गाव आपल्या मुलांनी पाहिलेलं आहे. हा आकडा ऐकल्यावर ती गप्प होतात, मी दरवेळी पाहिलंय.

मग गावाच्या बाजूने, शेताच्या वाटेने, पुराची रेघ शोधा. पाणी जिथवर आलं होतं तिथे काडीकचऱ्याची एक लांबलचक ओळ राहते. ती हाताने उचकू नका, पुरात बिळांतून बाहेर पडलेले साप आणि विंचू याच कचऱ्यात आसरा घेतात. लांब काठीने हलवा आणि थांबा. त्यात करंजाच्या चपट्या, लाकडासारख्या शेंगा सापडतील. करंज नदीकाठी एवढा का दिसतो याचं उत्तर त्या शेंगेतच आहे, ती तरंगत येते आणि पूर तिला जिथे ठेवतो तिथे रुजते. गोगलगायींचे शंख, केळीचं खोड, कुणाच्या शेतातला ठिबकचा पाइप, कानबाईच्या विसर्जनाचे हार, सगळं त्या एका ओळीत असतं. मुलांना वहीत नोंदी करू द्या: कोणती वस्तू वरच्या कोणत्या गावातून, कोणत्या शेतातून आली असेल. गाळही दाखवा. जिथे तो बोटभर थराने बसलाय तिथे शेतकऱ्याला विचारा. कुणाची कपाशी त्याखाली गेलेली असेल, तर कुणी त्याच गाळावर पुढे पेरा करील. नुकसान झालेल्या शेतात मुलांना फोटो काढू देऊ नका, आधी मालकाशी बोला.

पक्ष्यांमध्ये सगळ्यात खात्रीचा आणि सगळ्यात सुरक्षित खेळ सुगरणीचा. विहिरीवर किंवा पाण्यावर झुकलेली बाभूळ शोधा आणि तिच्यापासून लांब, बांधावर मुलांना अर्धा तास नुसतं बसवा. विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर. गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो आणि दोऱ्यासारखी पट्टी सोलून आणतो. खोपा अर्धा झाला, उलट्या टोपीसारखा आणि मध्ये एक आडवी दांडी, की तो खाली लटकून पंख फडफडवतो आणि माद्या येतात. मादी आत शिरून ओढून, टोचून बघते. पसंत पडला तरच पुढची नळी विणली जाते. नाही पडला तर तो तसाच लोंबत राहतो, म्हणून एका झाडावर इतके अर्धे खोपे दिसतात. पडलेला एखादा खोपा सापडला तर आतून हात फिरवून बघायला सांगा, मातीचे वाळलेले गोळे लागतील.

भरल्या नदीवर कवड्या खंड्या मला सहसा दिसत नाही. एरवी तो पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि सूर मारतो, पण गढूळ पाण्यात त्याला मासा कसा दिसणार. या दिवसांत तो शेततळ्यावर शोधा. नांगरटीत गायबगळे असतील, डोक्या-मानेवर अजून नारिंगी रंग असलेले. लहान ओहोळ जिथे नदीला मिळतो तिथे, वरच्या पुलावरून, चढणीचा मासा दिसला तर तुमचं नशीब: प्रवाहाच्या उलट्या दिशेने उड्या घेत जाणारा, अंडी घालायला.

तर रविवारचा बेत साधारण असा धरा. शनिवारी रात्री चाळीसगावकडे फोन, हवामान खात्याचा इशारा बघणं. ऑरेंज किंवा रेड असेल तर सरळ पुढचा रविवार. त्या गावच्या पोलीस पाटलांना आधी कळवून ठेवा. सकाळी पुलाचा पहिला फोटो, दहा मिनिटांनी दुसरा, मग पुढे जायचं की परत, हा निर्णय. दुपारी एकच्या आत परत, कारण ढगांचा गडगडाट आपल्याकडे बहुधा दुपारनंतर सुरू होतो आणि उघड्या शेतात एकट्या झाडाखाली तीस मुलं उभी असणं मला सहन होणार नाही. शक्य असेल तर फेरी तीन-चार दिवस पुढे ढकलाच. पाणी उतरलेलं, थडी थोडी आटलेली आणि पुराची रेघ ताजी, असे दिवस मला सगळ्यात आवडतात.

गमबूट मात्र नकोत. आपली काळी माती ओली झाली की प्रत्येक पावलाला अर्धा किलो चिकटते आणि गमबूट तिच्यात रुतून पाय मोकळा बाहेर येतो. चुकून पाण्यात पडलं तर बूट भरतो आणि पाय उचलता येत नाही. चप्पलही नको, बाभळीचा काटा आरपार जातो. जुने, नाडीचे कॅनव्हासचे बूट आणि पूर्ण पायाची पँट सांगा. पायाला जखम असेल तर त्या मुलाला चिखलात उतरवू नका, पुराच्या चिखलातून लेप्टोचा (उंदीर-गुरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) ताप होतो. घरी आल्यावर सगळ्यांचे पाय साबणाने धुवायला लावा. आणि तीस जादा मोज्यांचे जोड बसमध्ये ठेवा, परतीच्या वाटेवर ओल्या मोज्यांनी मुलं जेवढी कुरकुरतात तेवढी भुकेनेही नाही.